जानेवारीतही पऱ्हाटी उभी का असते?

पवनीहून भिवापूर-उमरेडमार्गे नागपूरला जाताना जानेवारीत एकदा बसच्या खिडकीतून बाहेर बघा. गहू-हरभरा हिरवा दिसेल, कुठे मिरचीचे सातरे दिसतील, आणि मध्येच काळपट, वाळकी, अर्धवट बोंडं लागलेली पऱ्हाटी उभी दिसेल. शेतकऱ्याला विचारा, "काढली का नाही अजून?" तो म्हणेल, "राहू द्या जी, एक वेचा अजून निघते."

या "एक वेचा अजून"बद्दल लिहायचंय. कापसावर पोस्टी दोनच प्रकारच्या असतात, एक भावाची आणि दुसरी आत्महत्येची. दोन्ही गरजेच्या. पण कापसाची शेती जमिनीला, पाण्याला आणि माणसाला कमी घातक कशी करता येईल, यावर बोलायची वेळ आली की आपण एकदम "सेंद्रिय करा, निसर्गाकडे वळा" इथे येऊन थांबतो. सल्ला फुकट असतो. तो पाळायचा खर्च कोणी द्यायचा, हे कुणी सांगत नाही.

आधी माझ्याबद्दल. मी पवनीचा. आता तुम्ही म्हणाल, भंडारा जिल्हा म्हणजे धान, याचा कापसाशी काय संबंध? दोन संबंध आहेत. एक, आमचं घर कोष्ट्याचं. आजोबा मागावर बसायचे. रेशीमकाठी धोतरं आणि लुगडी यासाठी पवनीचं नाव होतं. बाबांच्या काळात माग बंद पडला आणि त्यांनी जमीन घेतली. दुसरा संबंध म्हणजे ती जमीन. पवनी तालुक्याची पश्चिमेकडची बाजू नागपूर जिल्ह्याला लागून आहे. तिथे काळी जमीन आहे, आणि धान-मिरचीसोबत काही जण कापूसही लावतात. माझ्याकडे सहा एकरांपैकी अडीच एकरांवर कापूस असतो. मोठी बहीण हिंगणघाटकडे दिली आहे. भाऊजींची चौदा एकर, जवळपास सगळी कापूस-तुरीची. त्यामुळे कापसाच्या गोष्टी आमच्या घरी सणावारालाही सुटत नाहीत.

तर "एक वेचा अजून".

याला आपण फरदड म्हणतो. खरं तर कापूस नोव्हेंबर-डिसेंबरात संपायला पाहिजे. पण झाड उभं ठेवलं, एखादं पाणी दिलं, थोडा युरिया टाकला की नवीन पात्या-फुलं येतात आणि फेब्रुवारीपर्यंत थोडाफार कापूस निघतो. शेतकऱ्याला वाटतं, मिळतंय ते फुकट मिळतंय. पण या उभ्या झाडावर आणखी एक जण पोट भरत असतो, गुलाबी बोंडअळी.

ही अळी समजून घेतल्याशिवाय कापसाच्या पर्यावरणाची कुठलीच चर्चा पूर्ण होत नाही. तिची मादी पात्या-फुलांवर, कोवळ्या बोंडांवर अंडी घालते. अळी बाहेर पडली की एक-दोन दिवसांत बोंडात शिरते, आणि शिरलेलं भोक बुजून जातं. त्यानंतर तुम्ही वरून कितीही महागाचं औषध मारा, आत पोचत नाही. फुल न उमलता मिटल्यासारखं राहिलं की आपण डोमकळी म्हणतो, ती हिचीच खूण. आणि कापूस किडका, डागाळलेला निघाला की कवडी म्हणतो, तीही हिचीच करणी.

पण या अळीची एक मोठी कमजोरी आहे. हरभऱ्यावरची घाटेअळी तुरीवर जाते, टमाट्यावर जाते, काहीही खाते. गुलाबी बोंडअळीचं सगळं आयुष्य मुख्यतः कापसावरच चालतं. म्हणजे शेतात पाच-सहा महिने कापूसच दिसला नाही, तर तिची साखळी तुटते. आणि आपण काय करतो? फरदड ठेवून तिला फेब्रुवारीपर्यंत जेवू घालतो. नंतर पऱ्हाटी उपटून धुऱ्यावर, घरामागे सरपणाला रचतो. त्या वाळल्या बोंडांत ती सुप्तावस्थेत झोपून राहते आणि पाऊस पडला की बाहेर येते. उरलेल्या अळ्या सरकीतून जिनिंगच्या आवारात पोचलेल्या असतातच.

मग जुलै-ऑगस्टपासून फवारणी सुरू. सहा, सात, आठ. कीटकनाशक, त्यात बुरशीनाशक, त्यात टॉनिक, सगळं एकाच ड्रममध्ये कालवलेलं. पावसाची झड आली की ते वाहत नाल्यात जातं आणि नाल्यातून नदीत. आम्ही वैनगंगेच्या काठचे लोक. नागपूरचं सांडपाणी नाग नदीतून कन्हानमध्ये आणि कन्हानमधून वैनगंगेत येतं, ते गोसीखुर्दच्या फुगवट्यात आमच्या दारात थांबतं. वरच्याने काय सोडलं ते खालच्याला कसं भोगावं लागतं, हे पवनीकराला वेगळं सांगावं लागत नाही. पण शेतातून जे उतरतं त्याला वास नसतो, फेस नसतो, म्हणून त्याची बातमी होत नाही.

बातमी झाली ती २०१७ साली. यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले, शेकडो दवाखान्यात भरती झाले, काहींच्या डोळ्यांवर परिणाम झाला. त्या वर्षी पऱ्हाटी माणसाच्या डोक्याच्या वर गेली होती. विचार करा, पाठीवर पंप, तोंडाला साधा दुपट्टा, आणि फवारा आपल्याच चेहऱ्याच्या उंचीवर. चौकशी झाली, काही औषधांवर तात्पुरती बंदी आली, मास्क-हातमोजे वाटले गेले. ऑक्टोबरच्या उकाड्यात तो प्लास्टिकचा कोट घालून चार तास फवारणी करून बघा, म्हणजे मजूर तो का काढून ठेवतो ते कळेल.

आता मूळ प्रश्न. शेतकरी पऱ्हाटी काढत का नाही? अडाणी आहे म्हणून? लोभी आहे म्हणून? कृषी विभाग दरवर्षी "फरदड घेऊ नका" असं सांगतो. पोस्टर लागतात, सभा होतात. तरी फरदड राहतेच. याचं उत्तर बियाण्यात आहे, असं माझं मत आहे.

थोडं सविस्तर सांगतो. जगात मोठ्या प्रमाणावर कापूस पिकवणारे बहुतेक देश सरळ वाण लावतात. सरळ वाण म्हणजे ज्याची सरकी ठेवून पुढच्या वर्षी पेरता येते. भारत हा असा एकमेव मोठा देश आहे जिथे जवळजवळ सगळा कापूस संकरित आहे. सुरतच्या संशोधन केंद्रात डॉ. सी. टी. पटेल यांनी १९७० साली 'एच-४' हा जगातला पहिला व्यापारी संकरित कापूस आणला. मोठी शास्त्रीय कामगिरी होती, त्यात वाद नाही. पण संकरित बियाणं दरवर्षी विकत घ्यावं लागतं आणि ते महाग असतं. म्हणून शेतकरी ते विरळ लावतो. चार फूट बाय दीड फूट धरलं तर एकरात सव्वासात हजार झाडं बसतात. झाडं कमी, म्हणून प्रत्येक झाड मोठं वाढवावं लागतं. मोठं झाड वाढायला जास्त खत आणि जास्त दिवस लागतात. बोंडं टप्प्याटप्प्याने येतात, सहा-सात महिने येतच राहतात. मग शेतकरी झाड मध्येच कसं उपटेल? त्याचा अर्धा माल तर अजून झाडावरच असतो.

म्हणजे फरदड ही सवय नाही, ती बियाण्याच्या हिशेबातून आलेली गोष्ट आहे.

बाहेरच्या देशांत याच्या उलट करतात. झाडं दाट लावायची, एकरी तीस-चाळीस हजार. प्रत्येक झाडाला सात-आठच बोंडं लागली तरी चालतं. ती जवळपास एकाच वेळी फुटतात, पाच महिन्यांत पीक संपतं, शेत मोकळं. अमेरिकेत कापूस उत्पादक भागांत पऱ्हाटी अमुक तारखेच्या आत नष्ट करायची असा नियमच होता. त्यासोबत बीटी, नर पतंग वांझ करून सोडणं, गंधाचे सापळे, असं सगळं एकत्र करून त्यांनी २०१८ मध्ये आपल्या देशातून गुलाबी बोंडअळी संपल्याचं जाहीर केलं. आपण त्यातलं फक्त बीटी घेतलं, तेही संकरित बियाण्यात घालून.

बीटीचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहेच. २००२ ला पहिलं बीटी आलं, २००६ ला दोन जनुकांचं बोलगार्ड-२. सुरुवातीला बोंडअळीची फवारणी खरंच कमी झाली, हे नाकारणं खोटेपणा होईल. भाऊजी आजही सांगतात, "त्या दोन-चार वर्सांत बोंडअळीसाठी पंपच उचलला नाही." पण २०१० पर्यंत गुजरातेत गुलाबी अळीने पहिल्या जनुकाला दाद देणं बंद केल्याचं स्पष्ट झालं होतं, आणि पुढच्या चार-पाच वर्षांत दुसऱ्यालाही. 'नेचर प्लांट्स' या नियतकालिकात मार्च २०२० मध्ये केशव क्रांती आणि ग्लेन स्टोन यांचा वीस वर्षांच्या आकड्यांवरचा लेख आला. क्रांती हे नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेचे माजी संचालक. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की शेतकरी आता कीटकनाशकांवर बीटी येण्याआधीपेक्षा जास्त खर्च करतोय.

अळी एवढ्या लवकर का सरावली? पाकिटासोबत साध्या कापसाचं १२० ग्रॅमचं वेगळं पुडकं यायचं, ते धुऱ्याने लावायचं होतं, म्हणजे काही अळ्या बिनविषारी झाडावर जगतील आणि प्रतिकार पसरणार नाही. बहुतेकांनी ते लावलंच नाही. पण त्या पुडक्यातलं बियाणं धड उगवेल याचा भरवसा नव्हता, आणि दोन एकरवाल्याने चार तास अळीला खायला सोडावेत याची भरपाईही कुणी देत नव्हतं. आता साधं बियाणं त्याच पाकिटात मिसळून देतात. दहा वर्षं आधी केलं असतं तर बरं झालं असतं.

आणि एक गोष्ट फार कमी लोकांना आठवते. सरकारी संस्थांनी एक सरळ बीटी वाण काढलं होतं, 'बिकानेरी नरमा बीटी'. सरकी घरी ठेवता येणारं, स्वस्त. २००९ च्या हंगामात ते बाजारात आलं आणि त्याच वर्षी मागे घ्यावं लागलं, कारण त्यात मोन्सॅन्टोचंच जनुक सापडलं. त्यानंतर सरळ बीटी वाणं आली, पण फार उशिरा. तोवर दुकानांच्या फळ्या संकरित पाकिटांनी भरून गेल्या होत्या.

आता हिशेब बघू. २०२५ च्या हंगामात बोलगार्ड-२ च्या ४७५ ग्रॅमच्या पाकिटाची सरकारने ठरवलेली कमाल किंमत ९०१ रुपये होती. विरळ लावणीला एकरी दोन पाकिटं म्हणजे १८०२ रुपये. हेच बियाणं दाट लावायचं म्हटलं, तीन फूट बाय अर्धा फूट, तर एकरी एकोणतीस हजार झाडं होतात. पाकिटं सहा लागतील. ५४०६ रुपये फक्त बियाण्याचे, आणि तेही पाऊस दडी मारणार नाही, दुबार पेरणी लागणार नाही, असं धरून. भाऊजींना मी दाट लागवडीचं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग एवढं बियाणं कोन घेईन? तूच देशीन का आणून?" प्रश्न बरोबर होता.

म्हणून मी २०२१ पासून माझ्या एका एकरावर सरळ वाण लावून बघतोय. सरकारी संशोधन केंद्रातून बियाणं आणलं, बिगर-बीटी. दीड एकरावर नेहमीचं संकरित ठेवलं. दोन्ही एकाच वावरात, एकच जमीन, एकच विहीर. तुलना सोपी जावी म्हणून.

खरे आकडे देतो, फुगवलेले नाहीत. पहिल्या वर्षी संकरितमध्ये एकरी साडेआठ क्विंटल झाला, सात फवारण्या. सरळ वाणात सात क्विंटल झाला, तीन फवारण्या आणि दोनदा निंबोळी अर्क. दोन्हीकडे एकरी दोन-दोन कामगंध सापळे लावले होते. सापळ्यात सलग तीन दिवस रोज आठ पतंग सापडले तरच औषध, नाही तर नाही, हा कृषी शास्त्रज्ञांनी दिलेला नियम मी पाळला. शेजारी फवारताना आपण हात बांधून बसायचं, याला काळीज लागतं, हे खरं. धुऱ्याला चवळी आणि मका लावला, त्यावर मावा येतो, माव्यावर ढालकिडे येतात आणि मग ते कापसातही फिरतात.

आता पैसे. कापूस दीड क्विंटल कमी, तेव्हाच्या भावाने बारा-तेरा हजारांचा फटका. औषध-खत वाचलं सुमारे साडेपाच हजार, दीड क्विंटलची वेचाई वाचली दीड हजार. म्हणजे नुसत्या कापसाच्या हिशेबात मी पाच-सहा हजारांनी मागेच. पण डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात तो एकर मोकळा झाला, त्यात उशिराचा गहू घेतला, खर्च जाता दहा हजार उरले. बेरीज वजाबाकी करून चार-पाच हजार पुढे.

दुसऱ्या वर्षी, २०२२ ला पावसाने झोडपलं. दाट लागवडीत हवा खेळत नाही, खालची बोंडं सडली. त्या वर्षी सरळ वाण चांगलंच मागे पडलं. तिसऱ्या वर्षी संकरितवर बोंडअळी जोरात आली तेव्हा सरळ वाणात साडेसात आणि संकरितमध्ये सात निघाला. आणि हो, बियाणं माझं स्वतःचं होतं, सरकी राखेत-शेणात चोळून वाळवलेली, जशी पूर्वी करायचे.

यातून मला जे दिसतं ते असं. ज्याच्याकडे विहीर आहे किंवा गोसीखुर्दच्या कालव्याचं पाणी पोचतं, त्याला कमी दिवसांचा कापूस परवडू शकतो, कारण दुसरं पीक घेता येतं. पण महाराष्ट्रातला बहुतांश कापूस कोरडवाहू आहे. पांढरकवड्याच्या, कळंबच्या शेतकऱ्याला गहू कुठून येणार? त्याला "फरदड मोड" म्हणणं म्हणजे "पाच-सहा हजार रुपये सोड" म्हणणं आहे. नदी साफ राहते सगळ्यांची, बोंडअळी कमी होते साऱ्या गावाची, आणि बिल फाटतं एकट्याच्या नावाने.

वेचणाऱ्या बायांबद्दलही लिहिलं पाहिजे, त्यांना या चर्चेत कुणी विचारत नाही. माझ्याकडे आठ-दहा जणींचा गट येतो. पहिल्या वेच्याला सीतादही करतात, दही-भात शिंपडतात, मग कमरेला फडकं बांधून सुरुवात. सरळ वाणाची बोंडं लहान असतात. किलोमागे मजुरी असल्यामुळे लहान बोंडाचा कापूस वेचला तर त्यांची रोजी पडते. गटातल्या म्होरक्या काकू पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "भाऊ, ह्या बारक्या बोंडाले त्याच भावानं वेचणं नाही जमत, सांगून ठेवतो." मी किलोला दोन रुपये जास्त दिले. पण त्याच काकू हंगामाच्या शेवटी म्हणाल्या, "या वावरात हात नाही चुनचुनत." फवारलेल्या पऱ्हाटीत दिवसभर हात घालून त्यांची कातडी जळजळते, बोटांच्या पेरांना भेगा पडतात. हे कुठल्या अहवालात मोजलं जातं मला माहीत नाही, पण हिशेबात धरायचं असेल तर हेही धरा.

आता थोडा इतिहास, कारण ही गोष्ट आपल्याकडे दुसऱ्यांदा घडतेय. भाऊजींचं हिंगणघाट एकेकाळी लँकशायरच्या व्यापाऱ्यांना नावाने माहीत होतं. 'हिंगणघाट' हे कापसाच्या जातीचंच नाव झालं होतं. ती बनी कापसाची देशी जात, धागा लांब आणि मऊ. १८६० च्या दशकात मध्य प्रांताचे कापूस आयुक्त रिव्हेट-कारनॅक यांनी ती टिकवायची खटपट केली. १८६७ ला रेल्वे नागपूरला पोचली, १८७७ ला टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली, कापसाचा धंदा वाढला. पण बाजार पैसे मोजत होता वजनाचे. आखूड, जाड धाग्याच्या जरी कापसात रुईचा उतारा जास्त पडायचा. शेतकऱ्याने तोच लावला, आणि बनी मागे पडत गेली. शेतकऱ्याने चूक केली का? नाही. बाजाराने ज्याचे पैसे दिले ते त्याने पिकवलं. तेव्हा धाग्याचा बारीकपणा हरवला, आता जमिनीचा कस आणि पाण्याची चव हरवतेय. शिकवण तीच आहे.

आजही तेच चालू आहे. कापूस खरेदी केंद्रावर धाग्याची लांबी बघतात, ओलावा बारा टक्क्यांच्या आत आहे का बघतात. २०२५-२६ च्या हंगामात हमीभाव मध्यम धाग्याला ७७१०, लांब धाग्याला ८११० रुपये होता. किती फवारण्या केल्या, शेत कधी मोकळं केलं, हे कुणी विचारत नाही. त्याच हंगामात १९ ऑगस्ट ते ३१ डिसेंबर २०२५ या काळात आयात कापसावरचा ११ टक्के कर माफ होता. म्हणजे शेतकऱ्याने पर्यावरण सांभाळायचं आणि बाजारात कर न भरता आलेल्या परदेशी गाठीशी झुंजायचं.

"मग सेंद्रिय प्रमाणपत्र घ्या ना," असं शहरातले मित्र सांगतात. घेणारे आहेत, वर्ध्यात मगन संग्रहालयासारख्या संस्था सेंद्रिय कापूस, नैसर्गिक रंग आणि खादी यांची साखळी वर्षानुवर्षं चालवताहेत, त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण प्रमाणपत्राला तीन वर्षं लागतात, त्या काळात उत्पन्न घटतं आणि भाव साधाच मिळतो. विदर्भाच्या लाखो शेतकऱ्यांसाठी ती पहिली पायरी होऊ शकत नाही. पहिली पायरी अशी हवी की जी साध्या शेतकऱ्याला यंदाच चढता येईल.

म्हणून माझ्या मागण्या आणि सूचना, मुद्देसूद:

१) सरळ वाणांचं बियाणं मुबलक हवं. अकोल्याचं कृषी विद्यापीठ, नागपूरची कापूस संशोधन संस्था यांच्याकडे कमी दिवसांची वाणं आहेत. ती महाबीजच्या दुकानात मे महिन्यात पोत्याने मिळायला पाहिजेत. १ फेब्रुवारी २०२५ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात पाच वर्षांचं कापूस उत्पादकता अभियान जाहीर झालं. त्याचा पैसा दाट लागवडीसाठी संकरित पाकिटांच्या अनुदानात जाणार की सरळ वाणांच्या बीजोत्पादनात, हा खरा प्रश्न आहे. आमदार-खासदारांना हाच विचारा.

२) शेत मोकळं करण्याची तारीख गावाने मिळून ठरवावी. एकट्याने पऱ्हाटी काढून काही होत नाही, शेजाऱ्याची अळी माझ्याकडे येतेच. ३१ डिसेंबर ही तारीख ग्रामसभेत ठरवता येते. आणि जो कोरडवाहू शेतकरी ती पाळेल, त्याला एकरी ठराविक रक्कम थेट खात्यात द्यावी. एका फरदडीच्या वेच्याइतकी दिली तरी पुरे.

३) दर दोन-तीन गावांमागे पऱ्हाटीचा भुगा करणारं यंत्र भाड्याने मिळावं. पऱ्हाटी जाळायची नाही, रचून ठेवायची नाही, जमिनीतच मिसळायची. ज्या घरात ती सरपण म्हणून लागते, तिथे आधी वाळकी बोंडं झाडून नष्ट करावीत.

४) जिनिंग आणि बाजार समितीच्या आवारात कामगंध सापळे लावणं बंधनकारक करावं. सगळ्या गावची सरकी तिथे येते, अळीचा गोदामही तिथेच असतो.

५) फवारणाऱ्या मजुराचा विमा आणि रक्ततपासणी. हंगामात दोनदा, प्राथमिक आरोग्य केंद्रात. आणि पऱ्हाटी छातीच्या वर गेल्यावर पाठीवरच्या पंपाने फवारणी नाही, हा साधा नियम. बुटकं, कमी दिवसांचं झाड असेल तर हा नियम आपोआप पाळला जातो.

६) कमी फवारणीच्या कापसाची वेगळी गाठ. शेतकरी उत्पादक कंपन्यांनी एकाच वाणाचा, एकाच पद्धतीचा कापूस एकत्र केला तर सूतगिरणीला त्याची किंमत द्यावी लागेल. इथे विणकरांनाही जोडून घ्या. नागपूर-पवनीकडे मागावर बसणारी जी थोडी घरं उरली आहेत, त्यांना आपल्याच जिल्ह्याच्या आसपास पिकलेल्या कापसाचं सूत मिळालं तर त्या कापडाला सांगायला गोष्ट असेल आणि विकायला कारणही.

यातलं काहीच अशक्य नाही. फार मोठं तंत्रज्ञानही लागत नाही. लागतं ते एवढंच, की पर्यावरण राखण्याचा खर्च शेतकऱ्याच्या चांगुलपणावर न ढकलता तो हिशेबात लिहिणं.

या जूनमध्ये मी सरळ वाण दीड एकरावर नेणार आहे, पाऊस जास्त झाला तर हवा खेळावी म्हणून ओळी थोड्या मोकळ्या ठेवून. भाऊजीही चौदांपैकी दोन एकर द्यायला तयार झालेत, "तुहीच सरकी आणून दे" या अटीवर. आणून देणार आहे. पवनी, भिवापूर, उमरेड, लाखांदूर या बाजूच्या कुणाला करून बघायचं असेल तर एक एकरापासून सुरुवात करा, सगळं वावर एकदम बदलू नका. आकडे लिहून ठेवा, तोटा झाला तरी लिहा. पुढच्या जानेवारीत आपण ते एकत्र मांडू आणि कृषी अधिकाऱ्यांसमोर ठेवू.

ज्यांच्या वावरात आज फरदड उभी आहे, त्यांच्यावर रागावू नका. त्यांच्याशी हिशेब बोला. आणि कमेंटमध्ये तुमच्या गावात पऱ्हाटी कधी निघते ते नक्की सांगा.

#कापूस #पवनी #विदर्भ #सरळवाण #गुलाबीबोंडअळी